एक जागा कच्ची

नंदकुमारशी वाद घातल्याशिवाय गाडीचा एक्सल मजबूत करून मिळत नाही, ही गोष्ट शिरवण्याच्या एमआयडीसीत चहावाल्यालासुद्धा ठाऊक होती. चांगला डांबरी रस्ता समोर असताना बाजूच्या ओढ्यात गाडी घालण्याची ज्यांना हौस असते, अशी माणसं पुण्या-नाशकाहून त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. येताना डोळ्यांवर काळे चष्मे, टपावर चार दिवे आणि तोंडात एकच वाक्य असायचं, "नंदूशेठ, सगळं एकदम स्ट्राँग करा. काही तुटायला नको." नंदकुमार हातातल्या चिंधीला हात पुसायचा, गाडीखाली एकदा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "सगला करतो. एक जागा कच्ची ठेवतो." तिथून भांडण सुरू व्हायचं.

भांडण काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडीच्या दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी नळीत, म्हणजे एक्सलमध्ये, मधोमध एक फुगीर पोट असतं, त्यात डिफ्रन्शल बसतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, तेव्हा दोघांना आपापल्या चालीने जाऊ देणं हे त्याचं काम. रस्त्यावर हा समजूतदारपणा उपयोगाचा असतो. दगडांत नसतो. एक चाक हवेत लटकलं की डिफ्रन्शल सगळी ताकद त्या रिकाम्या चाकालाच देऊन टाकतं आणि गाडी जागेवर घुरघुरत बसते. म्हणून हौशी लोक आत लॉकर बसवतात, दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतात. मग जमिनीवरच्या चाकावर इतका जोर येतो की चाक फिरवणारे कंपनीचे शाफ्ट पिळवटून तुटतात. शाफ्ट जाड घातले तर गिअरचे दाते तुटतात, दाते चांगले घातले तर नळी वाकते. एकाची दुखणी दुसऱ्याच्या गळ्यात पडत जातात.

नंदकुमार हे सगळं सुधारून द्यायचा. नळीखाली जाड पट्टी जोडायची, शाफ्ट बदलायचे, दात्यांना निळा रंग लावून ते एकमेकांत नेमके कुठे बसतात ते बघायचं, पातळ चकत्या घालून-काढून त्यांच्यातली फट जमवायची. फक्त पुढच्या चाकाच्या मध्यावर शाफ्टला आणि चाकाला जोडणारा जो मुठीएवढा हब असतो, तो मात्र नंदकुमार जुनाच ठेवायचा. दोन दगडांत चाक अडकलं आणि वर बसलेल्या शहाण्याने ॲक्सिलरेटर दाबूनच धरला, तर काहीतरी तुटणारच. तेव्हा हब तुटू दे. चाक जागच्या जागी राहतं, फक्त त्याची ताकद जाते. मागच्या चाकांवर हळूहळू उतरून यायचं आणि नवा हब लावायचा. पण हबही पक्का केला, तर तो जोर पुढे सरकतो, चाकाला आणि स्टिअरिंगला धरून ठेवणाऱ्या जागेवर जातो. ती जागा तुटली की चाक आडवं पडतं, आणि उतारावर असेल तर गाडी माणसांसकट.

ही अक्कल त्याला कुठल्या कॉलेजात मिळाली नव्हती आणि गॅरेजातही नाही. तो करावे गावचा कोळी. त्याचा बाप खाडीत होडी घालायचा. तळाच्या खडकात नांगर अडकला आणि भरती चढू लागली तर होडीचं नाक पाण्यात ओढलं जातं. म्हणून बाप दोर नांगराच्या बुडाला पक्का बांधायचा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीने. नांगर अडकला की होडी खेचून ती सुतळी तोडायची, मग दोर नांगराला उलट बाजूने ओढतो आणि तो निसटून येतो. "सगला घट बांधशील त होरी बुरंल," असं बाप म्हणायचा. होडी विकली, खाडीच्या कडेला टॉवर उभे राहिले, आणि ती सुतळी शिरवण्याच्या शेडमध्ये आली. गिऱ्हाइकं चिडायची, दुसऱ्या गॅरेजात जातो म्हणून धमकी द्यायची. नंदकुमार म्हणायचा, "जा." बहुतेक जण जायचे नाहीत.

त्याचा भागीदार हारुन म्हसळ्याकडचा. वेल्डिंग त्याचं. नळीला पट्टी जोडताना तो थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला, मग थांबून चहा, असं करायचा, कारण एका दमात वेल्डिंग मारलं तर तापून नळीच वाकडी होते. नंदकुमारची गिऱ्हाइकांशी भांडणं ऐकणं ही हारुनची करमणूक होती. तो कधी मध्ये पडायचा नाही, फक्त वेल्डिंगची काच वर करून बघत बसायचा.

मग सुचिता गेली. नंदकुमारची बायको. साध्या तापाचं निमित्त झालं, इस्पितळात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकुमार शेडमध्ये हजर होता. राख सावडायला गेला तेव्हा त्याच्या नखांत ग्रीस होतं, आणि ते गावाने पाहिलं. करावे गावाला डोळे भरपूर आहेत. बायका म्हणाल्या, दगड आहे मेला. पुरुष म्हणाले, कामाचा माणूस आहे, पण माणूस नाही. बोलणाऱ्यांचं काय जातं? त्याला रडायचं नव्हतं असं नाही. त्याला काही होतच नव्हतं. एक दिवस ग्राइंडरने तळहात कापला, तर रक्त त्याला आधी चिंधीवर दिसलं आणि मग समजलं की ते आपलं आहे. मिठाशिवायची आमटी त्याने वाटीभर खाल्ली. कोणी काही विचारलं की तो "बरं" म्हणायचा. त्या एका शब्दावर त्याचे महिने चालले होते.

गिऱ्हाइकांना हा नवा नंदकुमार फार आवडला. म्हणाल ते करून द्यायचा. एकाने हब पक्का करून मागितला, तेव्हा मात्र हारुनने परस्पर सांगितलं की तो माल मिळत नाही. दुसऱ्यालाही तेच सांगितलं. नंदकुमारच्या हे लक्षातही आलं नाही.

त्याचा एकुलता मुलगा सौरभ ऐरोलीला एका ऑफिसात होता. त्याची बायको, मैत्री नावाची, त्याच ऑफिसातली. लग्नानंतर दोघांनी उलव्याला फ्लॅट घेतला होता. सुचिता गेल्यावर मैत्रीने सासऱ्याला म्हटलं, "बाबा, तुम्ही इकडेच या राहायला." तो बरं म्हणाला आणि गेला नाही. सौरभने एकदाही म्हटलं नाही. आईच्या राखेजवळ बापाची ती काळी नखं त्यानेही पाहिली होती. त्यानंतर बापलेकांत बोलणं राहिलं ते लाइट बिल भरलंस का, एवढंच.

सौरभलाही दगडांत गाडी घालण्याची तीच हौस होती. त्याच्याकडे जुनी जिप्सी होती, बापानेच कधीकाळी शोधून दिलेली. एका शनिवारी तो ती घेऊन शेडमध्ये आला. बरोबर खोक्यांत नवा लॉकर, नवे शाफ्ट, आणि पुढच्या चाकांसाठी हबऐवजी भरीव पोलादाच्या जाड चकत्या. सगळं बाहेरून मागवलेलं. आठवडाभराने मित्रांच्या गाड्यांबरोबर सह्याद्रीतल्या कड्याकपारीत जायचं होतं.

"सगळं बसव," तो म्हणाला. बापाकडे न बघता म्हणाला. "आणि बाबा, या वेळी ते एक जागा कच्ची वगैरे नको. काहीच कच्चं ठेवायचं नाही."

हारुनने काच वर केली. आता होणार, असं त्याला वाटलं, आणि खरं तर आनंदही झाला. मुलाशी तरी भांडेल.

"बरं," नंदकुमार म्हणाला.

सौरभ क्षणभर उभा राहिला. त्यालाही बहुधा भांडण हवं होतं, आणि ते न मिळाल्याचा राग चेहऱ्यावर घेऊन तो रिक्षाने निघून गेला.

काम उत्तम झालं. नंदकुमारच्या हातांना काही झालं नव्हतं, ते आपले आपण काम करायचे. निळ्या रंगाचा ठसा दात्याच्या बरोबर मध्यावर उमटेपर्यंत त्याने पातळ चकत्या बदलल्या. अखेरीस पुढचे दोन्ही हब खोलून त्याने ट्रेमध्ये ठेवले आणि त्यांच्या जागी पोलादाच्या चकत्या आवळल्या. हारुन त्याच्यामागे येऊन उभा राहिला.

"नंदू, हे तू काय बसवतोयस, कळतंय ना तुला?"

"त्याला पायजे."

"त्याला काय पन पायजे असेल. तू भांडला नाहीस."

"काय भांडाचा," नंदकुमार म्हणाला आणि पुढचा नट आवळू लागला. हारुनला सौरभलाच फोन करून सांगावंसं वाटलं. पण बापलेकांच्या मध्ये पडायला त्याची जीभ रेटेना, आणि याचा पुढे त्याला स्वतःचाच राग आला.

ठरल्या शनिवारी सकाळी लवकर सौरभ आणि मैत्री गाडी न्यायला आली. मैत्रीने शेडच्या दारातूनच "येतो बाबा" म्हटलं. जिप्सी शीव-पनवेल रस्त्याच्या दिशेने वळली. नंदकुमार आत येऊन स्टुलावर बसला. ट्रेमधले जुने हब रॉकेलमध्ये पडले होते, ते तो ब्रशने धुऊ लागला. त्यांचं आता काही काम नव्हतं. पण उघडलेला भाग धुऊन ठेवायचा, ही सवय होती.

हब धुता धुता त्याचं मन आपोआप त्याच्या जुन्या वाटेला लागलं. गाडी पुरी झाली की तो नेहमी हे करायचा: डोळे मिटून इंजिनापासून निघायचं आणि ताकदीबरोबर चालत जायचं. गिअर. हा टिकेल. दाते, परवाच बसवले, टिकतील. लॉकर टिकेल. शाफ्ट, जाड आहेत. नळी, हारुनची पट्टी आहे. मग चाकाजवळ आल्यावर तो नेहमी हबपाशी थांबायचा आणि म्हणायचा, इथे तुटेल. आज तो थांबला नाही, कारण हब त्याच्या हातात होता. तो पुढे गेला, आणि पुढे चाकाला धरून ठेवणारी जागा होती. तिच्यावर, हातभर अंतरावर, सौरभचे पाय होते. शेजारी मैत्री बसली होती.

बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, आणि तो मोकळा केला की आधी काही नसतं, मग एकदम असह्य मुंग्या येतात. तसंच झालं. हातातला ब्रश खाली पडला. नंदकुमारला भीती वाटली. इतके महिने त्याला काहीच वाटलं नव्हतं, आणि आता जे वाटलं ते एवढं होतं की त्याला स्टुलावरून उठता येईना. त्याने हारुनला हाक मारली.

"मी बसवला रे त्याच्यात," तो म्हणाला. "माज्याच हातानी."

हारुनने शेडबाहेरच्या टेम्पोची किल्ली घेतली. नंदकुमारने दोन्ही हब चिंधीत गुंडाळले, पान्हे उचलले आणि वाटेत फोन लावला. सौरभने फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग मैत्रीने आपल्या फोनवरून केला.

"बाबा, काय झालं? सगळं ठीक ना?"

"कुटं हाव तुमी?"

"पनवेलच्या पुढे ढाब्यावर थांबलोय. सगळे जमतायत. नाश्ता करून वर चढायला लागणार."

"त्याला सांग, गारी हलवू नको. मी येतंय."

सासरा इतकं लांब वाक्य बोलल्याला खूप दिवस झाले होते. "थांबवते," मैत्री म्हणाली.

पनवेलपर्यंत हारुनने टेम्पो असा हाणला की मागचं ग्राइंडर आणि पान्हे एकमेकांवर आदळत राहिले. नंदकुमार पुढच्या काचेकडे बघत बसला होता. चिंधीतले हब त्याने मांडीवर धरले होते.

ढाब्याशेजारच्या मोकळ्या जागेत आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. पोरं बोनेटवर नकाशे पसरून मोठमोठ्याने बोलत होती. जिप्सीला टेकून सौरभ चहा पीत होता. टेम्पोतून बाप उतरताना दिसला तसा त्याने ग्लास बोनेटवर ठेवला.

"बाबा, तू इथे कशाला?"

"हब बदलाचा हाय. अर्धा तास लागंल."

"मी सांगितलं होतं ना, कच्चं काही नको? तू बरं म्हणालास."

"म्हनालो."

"मग आता काय? सगळ्यांसमोर माझा पचका करायला आलायस?"

"मी तवा आयकलाच नाय रे," नंदकुमार म्हणाला. "तोंड बोलला. मी नव्हतो."

एका मित्राने नकाशा गुंडाळायला घेतला. सौरभ बापाच्या जवळ आला आणि आवाज खाली आणून बोलू लागला, पण खाली आणलेल्या आवाजात राग जास्तच कळत होता.

"आईच्या वेळी पण तू बरं म्हणालास. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी सांगितलं आई गेली, आणि तू त्यांना म्हणालास, बरं. माझ्यासमोर. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, बाबा. मला वाटलं, आता हा पडेल, आता रडेल, मी धरीन. तू बरं म्हणालास आणि घड्याळात बघितलंस."

नंदकुमारला हे आठवत नव्हतं. घड्याळ तर मुळीच आठवत नव्हतं. पण पोरगा खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि या सगळ्या महिन्यांत तो काय उराशी धरून बसला होता, ते त्याला आता ढाब्याच्या अंगणात पहिल्यांदा कळलं.

"मना भ्या वाटतंय, सौरभ," तो म्हणाला. "शेडमंदी बसलो व्हतो, आनि भ्या वाटला. तू मरशील असा वाटला."

सौरभची नजर बापाच्या काळ्या नखांवर गेली.

"तवा काय वाटलाच नाय. खरा सांगतंय. तुजी आय गेली नि मना काय झालाच नाय. आता व्हतंय. तिचापन आताच व्हतंय."

आणि तो पुढच्या चाकाजवळ मातीत गुडघे टेकून बसला, कारण आलाय तर काम करायला हवं. पान्हा नटावर लावला. तो घसरला. पुन्हा लावला. ज्या हातांनी केसाएवढी फट जमवली होती, त्यांना समोरचा एवढाला नट पकडता येईना. तिसऱ्यांदा पान्हा निसटून मातीत पडला, आणि नंदकुमार रडायला लागला. तोंड लपवायचं त्याला सुचलं नाही. डोळे पुसावेत तर हात काळे होते, म्हणून त्याने ते तसेच मांडीवर ठेवले. सुचिताचं नाव त्याच्या तोंडून एकदा निघालं, मग नुसता आवाज.

हारुनने तोंड फिरवलं आणि उगीचच टेम्पोचा टायर दाबून पाहिला. मित्र ढाब्यात चहाच्या बहाण्याने पांगले. मैत्री पाण्याची बाटली घेऊन आली, आणि मध्येच थांबली.

सौरभ खाली बसला. मातीतला पान्हा उचलला, पँटला पुसला. "सरक," तो म्हणाला. बाप सरकला. सौरभने एकेक नट सोडवला, पोलादाची चकती बाहेर काढली आणि बाजूला गवतात ठेवली. मग हात पुढे केला. नंदकुमारने चिंधीतला हब त्याच्या हातावर ठेवला. दुसऱ्या चाकाशीही तसंच झालं.

गट निघायच्या बेतात होता. गाड्या सुरू झाल्या, कोणीतरी हॉर्न वाजवला, कोणीतरी हाक मारली, "सौरभ, येतोयस ना?" त्याने मान वर केली नाही. शेवटचे नट राहिले होते.

"बाबा, हे किती टाईट करू?"

नंदकुमार अजून रडतच होता. त्याने हात वर केला, म्हणजे थांब, सांगतो. गाड्या एकामागून एक घाटाकडे वळल्या आणि त्यांची धूळ ढाब्यावर बसली. सौरभ पान्हा हातात धरून बापाशेजारी मातीत बसून राहिला. त्याला कसलीच घाई नव्हती.